दारावरचा ङ

ट्रॉम्सोला नोव्हेंबरअखेर सूर्य रजेवर जातो,
जानेवारीत पुन्हा रुजू होतो.
त्या मधल्या काळोखात
आमच्या हिमविज्ञान विभागात बैठक भरली.
विषय : सगळ्यांना सामावून घेणे.
केक होता.
भिंतीवर रंगीबेरंगी हातांचं पोस्टर होतं, विकत आणलेलं.
त्यातला एकही हात आमच्यापैकी कुणाचा नव्हता.

प्राध्यापक नेसहाइमनी आकडे दाखवले,
किती देश, किती भाषा, किती टक्के.
इङ्गा गुट्टोर्म त्यात कुठेतरी होती,
दशांशचिन्हाच्या पलीकडे.
शेवटी, कुणाला काही बोलायचंय का, असं झालं
तेव्हा ती म्हणाली,
खिडकी जरा लावता का, इतक्या साध्या आवाजात :
"माझ्या दारावर नावात एक चौकोन आहे.
चार वर्षं झाली."

खरंच होता.
पाट्या छापायच्या यंत्राला
सामी भाषेतलं ते अक्षर ठाऊक नाही,
खाली शेपूट वळलेला एन, नाकात घुमणारा.
जे कळत नाही तिथे यंत्र रिकामा चौकोन छापतं
आणि पुढे जातं.
मीही जात होतो.
रोज दोनदा, कॉफी आणायला.

मला पहिलीच्या वर्गातला तक्ता आठवला.
कमळाचा क, खटाऱ्याचा ख, गणपतीचा ग, घराचा घ,
आणि त्यांच्या शेजारी
चित्र नसलेला ङ.
बाई त्याच्यावर छडी टेकवायच्या
आणि काही न बोलता खालच्या ओळीवर उतरायच्या.
आम्हाला वाटायचं, याच्यापाशी काहीच नाही,
ना कमळ, ना घर.
किती उशिरा कळलं,
अंगण म्हणताना, रंग म्हणताना
आतून तोच बोलत असतो,
एका टिंबात अंग चोरून.

तोर्गुन आमचं कार्यालय सांभाळते.
किल्ल्या, पाट्या, कॉफीचा हिशेब.
बैठकीचं इतिवृत्त तीच लिहीत होती,
चौकोन ऐकला आणि तिचा हात थांबला.
दुसऱ्या दिवशी नवी पाटी आणि शाईचं बारीक पेन घेऊन
ती इङ्गाच्या दाराशी.
"कसं वळतं ते दाखव."
इङ्गाने हवेत बोट फिरवलं.
पहिलं शेपूट मासळीच्या गळासारखं झालं.
पुसलं. पुन्हा काढलं.
मग पाटीकडेच बघत तोर्गुन म्हणाली,
"माझे बाबा होडीत एकटे असले
की असलं काही पुटपुटायचे.
कुणी जवळ आलं की खोकायचे."
इङ्गा पेनाचं टोपण धरून उभी राहिली,
बराच वेळ.

अहवालात एवढंच आलं :
तांत्रिक अडचण दूर करण्यात आली.

दूर कुठली?
शाई टिकत नाही.
शुक्रवारच्या सफाईत स्पिरिटचा बोळा फिरतो, शेपूट जातं.
सोमवारी तोर्गुन ते पुन्हा काढते, कोटसुद्धा न उतरवता.
तेस्फालेम एकदा तिच्या मागे येऊन थांबला :
"हाबतेमिकाएल हे माझ्या वडिलांचं नाव.
पाटीवर ते अर्धेच मावलेत."
ती हसली नाही.
लांब पाटी मागवली.

फेब्रुवारीत बर्फावर घसरून तोर्गुनचं मनगट मोडलं.
सोमवारी मी तिचा खण उघडला, पेन नव्हतं.
दाराशी गेलो
तर शेपूट होतं.
ओलं, जरा वाकडं, न शिकलेल्या हाताचं.
मी कुणाला विचारलं नाही.
पुढच्या सोमवारीही होतं,
पण वेगळं वाकडं.

तिसऱ्या सोमवारी मी उजाडायच्या आत पोचलो.
पेन चौकटीच्या कडेला ठेवलेलं,
कुणाचाही हात पोचेल अशा उंचीवर.
शेपूट काढताना हात थरथरला, सांगायला हरकत नाही.
आणि रिकाम्या मार्गिकेत
मी तो हळूच उच्चारला,
नाकातून, घशाजवळून,
बाईंनी वगळलेला.